तिसरी बाटली

५ डिसेंबर १९९४, लातूर
विजय! अस्मादिक — रसायनशास्त्राचे अधिव्याख्याते, बारावीच्या चार शिकवणी-तुकड्यांचे चालक-पालक — आज पाषाणजेते झाले.

भूकंपानंतर भूगर्भाचा ठाव घेण्यासाठी निलंग्याजवळ काळ्या कातळात हिरे जडवलेल्या टोकाने, म्हणजे बिटाने, भोके पाडणे चालू आहे. बिट थंड राहावे, चुरा वर यावा म्हणून भोकात अखंड पाणी सोडतात. त्या पाण्यात तुरटीच्या कुळातला एक क्षार किंचित मिसळा, हा सल्ला माझा. पाण्यात दगडाच्या कणांवर ऋण भार असतो. तो नेमका शून्यावर आणला की कातळ शरण येतो. न्यून नको, अधिक नको! गृहस्थाश्रमाचेही हेच सूत्र.

यंत्र चालवणारा महेबूब सांगत आला — "सर, दिवसाला पाच फूट जात व्हतं, काल आठ गेलं! बिट बी लई कमी झिजून राहिलंय."

१२ डिसेंबर
कार्यपद्धती निश्चित. दर सोमवारी महेबूब तिथल्या पाण्याची बाटली एस.टी.चे कंडक्टर रेवणप्पा यांच्या हाती धाडणार. मी पाणी तपासून क्षाराचे प्रमाण चिठ्ठीवर लिहिणार. चिठ्ठी संध्याकाळच्या परतीच्या गाडीने. पहिली बाटली आजच आली. राष्ट्राच्या विज्ञानाची धुरा रेवणप्पांच्या तिकिटांच्या पेटीवर!

महेबूबची मुलगी लुबना माझ्या सकाळी सहाच्या तुकडीत आहे. डॉक्टर व्हायचे म्हणते. कुशाग्र. बाप म्हणाला, "माझं काय सर, मी दगडातच जाणार. पोरगी तेवढी तुमच्या हवाली."

१९ डिसेंबर
दुसरी बाटली. तपासली. प्रमाण तेच. किंचित गर्वबाधा.

२६ डिसेंबर
पाचवी तुकडी आजपासून. सराव परीक्षेच्या दोनशे उत्तरपत्रिका छातीवर. तिसरी बाटली दिवसभर पिशवीतच, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. सोबत महेबूबचा कागद — "विहीर आटली. आता ओढ्याचं पाणी घेतोय. बघून सांगा."

संध्याकाळी स्टँडवर रेवणप्पा खिडकीतून ओरडले, "सर, लवकर! गाडी सुटून राहिली!" मी लिहिले: "पाणी तपासले. प्रमाण तेच." खाली सही. नेहमीसारखी भरदार.

२९ डिसेंबर
अनर्थ. बिट जळाले, नळ्या भोकात अडकल्या, शंभर फुटांचे भोक वाया.

बाटलीवरचे वर्तमानपत्र आज सोडले. आत चहासारखे पाणी. चिमूटभर क्षार टाकला. गाळाच्या गुठळ्या झाल्या — दह्यासारख्या! तिकडे बिटाच्या पाण्याच्या वाटा अशाच बुजल्या असणार. मला दोन मिनिटे लागली. दोन मिनिटे!

२ जानेवारी १९९५
कंपनीचे साहेब गुरुपादप्पा घरी आले. "पाणी बदललं ते तुम्हांला कळवलं व्हतं, तुमी तेच प्रमाण सांगितलं, म्हणतो महेबूब. खरं हाय का?"

मी उत्तरलो, "तिसरा नमुना मजपर्यंत पोचलाच नाही. प्रमाण कळवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही." शुद्ध भाषेत असत्य किती सुबक दिसते!

ते गेल्यावर चहाच्या कपबशा उचलता उचलता सौ. सिंधु म्हणाली, "मग सैपाकघराच्या खिडकीत ती बाटली कशाची हाय?"
"दुसऱ्या प्रयोगाची."
"हाव का."
एकवीस वर्षांच्या संसारात एवढे दीर्घ भाषण तिने कधी केले नव्हते.

७ जानेवारी
कंपनीने महेबूबला काढले. शेरा: मनाने भरमसाट क्षार टाकला. माझी चिठ्ठी त्याने पुढे केली नाही. पाण्यातले काम, भिजून विरघळली असावी. बरे झाले — हे मी सुवाच्य अक्षरात लिहिले, याची नोंद असावी.

रेवणप्पांनाही कुणी विचारले नाही. स्टँडवर दिसले. माझ्याकडे पाहून घंटीची दोरी ओढली. गाडी अजून अर्धी रिकामी होती.

३० जानेवारी
वर्गात विद्युतभार शिकवत होतो. लुबनाने हात वर केला. "सर, पाणी गढूळ असलं, तर मग प्रमाण तेच ठेवायचं का?"
"अभ्यासक्रमाबाहेर आहे," मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली, वहीत काहीतरी लिहिले. काय लिहिले असेल?

१२ फेब्रुवारी
महेबूब मुदखेडकडे खाणीत घणाने दगड फोडतो, असे लुबनाकडून कळले. वीस वर्षे हिऱ्याने काम केलेला माणूस!

तिला रविवारी स्वतंत्र शिकवू लागलो आहे. सिंधु तिला पोहे देते. दोघी खिडकीशी उभ्या राहून बोलतात. बाटली अजून तिथेच. मी फेकत नाही, सिंधुही फेकत नाही.

१९ फेब्रुवारी
जमले नाही. "लुबना, तुझ्या वडिलांना—" इथपर्यंत गेलो. "जी सर?" "—सलाम सांग." प्रकांड पंडित!

२४ मार्च
लुबनाचा शेवटचा पेपर झाला. सांगायला आली. जाताना वहीतून प्लास्टिकची पिशवी काढली. "अब्बांनी जानेवारीतच दिली व्हती, सर. म्हणाले, पेपर व्हईपर्यंत देऊ नको. सरांचं शिकवण्यातलं ध्यान जाईल."

चिठ्ठी. "पाणी तपासले. प्रमाण तेच." कोरडी ठणठणीत. अक्षरही पुसलेले नाही.

उद्या सहाची नवी तुकडी भरणार नाही. गुरुपादप्पांना गाठायचे आहे, निलंग्याची पहिली गाडी सहालाच सुटते. सिंधुने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली आहे.