बदामाच्या डब्यातल्या सुया

बुकित तिमाह, सिंगापूर
ता. ८ मार्च

चि. पांडुरंगास,
अक्काचा आशीर्वाद. मी धडधाकट आहे, तूही असशीलच. साठी उलटली तरी माझा धाकटा भाऊ फोनवर ओरडायचा थांबत नाही, म्हणून पत्र. कागदावर मधे बोलता येत नाही. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, जुळवून वाच.

इथं बरं चाललंय. मुलगा बोटीवर, सून ऑफिसात, घरी मी आणि नातू. क्षितिज चौदाचा झाला. बेसबॉल खेळतो, म्हणजे विटीदांडूच, फक्त बूट महाग. परवा शाळेत त्याचा वादविवाद होता. अमेरिकेत म्हणे काही खेळाडूंनी औषधं टोचून घेऊन चेंडू मैदानाबाहेर धाडले. आता मोठ्या खेळाडूंच्या मानाच्या दालनात त्यांना बसवायचं की नाही? क्षितिजच्या वाट्याला 'बसवा' ही बाजू आली आणि त्याला ती पटेना. "आजी, चीटिंग इज चीटिंग, लाह!" इथल्या पोरांच्या प्रत्येक वाक्याला हे 'लाह'चं शेपूट असतं.

मी म्हटलं, "सुई टोचली की चेंडू आपोआप लागतो होय रे? मग मला टोच, बघू मी किती लांब मारते. त्यांची मेहनतही खरी, लबाडीही खरी. फोटो लावा आणि खाली दोन्ही लिहा."

पोरानं तेच बोलून दुसरा नंबर आणला. मग विचारतो, "आजी, तुला सुयांचं एवढं कसं माहीत?" आमटी उतू चाललीय म्हणून मी उठले. गॅस पेटवलेलाच नव्हता.

तुझ्या तालमीतल्या जोडीदाराचा, मनोहरचा फोन आला होता. तालमीला पंच्याहत्तर वर्षं होतायत, तुझा फोटो परत भिंतीवर लावायचा म्हणतो. तू त्याला निरोप धाडलास, "ज्यानं वस्तादांकडे चुगली करून तो उतरवला, त्याच्या हातून नको." चाळीस वर्षं त्याच्या दारावरून मान फिरवून जातोस. त्याच्या पोरीच्या लग्नातही जेवला नाहीस.

पांडू, चुगली मनोहरनं नाही केली. मी केली. तुझ्या खुराकाचे बदाम काढायला डबा उघडला, तर तळाशी सुया. त्या दिवसांत तुझा हात इतका थरथरायचा की ताटात ताक सांडायचं. मी सरळ वस्तादांकडे गेले. मनोहर तालमीच्या दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. माझं नाव त्यानं कधी घेतलं नाही, तुझ्या शिव्या खात राहिला.

सांगितलं त्याची माफी मागत नाही. तू जिवंत आहेस, ओरडतोयस, बास. पण त्याला चुगलखोर ठरू दिलं, ती लबाडी माझी.

फोटो माझ्याकडेच आहे. वस्तादांनी उतरवला तेव्हा पदराखालून आणला, तो ट्रंकेतून इथवर आला. सून पुढच्या आठवड्यात गावी येतेय, तिच्याबरोबर पाठवते. खाली माझ्या अक्षरात लिहिलंय: 'तीन वर्षं गदा जिंकली. तिसऱ्या वर्षी सुई घेऊन.' खोडू नकोस.

मनोहरकडे तू जा. त्याला बोलावणं धाडू नकोस, तूच जा. खिळा त्याला ठोकू दे, फोटो तू धर. हात आता थरथरला तरी चालेल, वयच झालंय.

तुझी चुगलखोर,
अक्का