आठ आकडी कुलूप

३ मार्च

चि. बारकू यास,
अनेक आशीर्वाद. तू पार्सलने पाठवलेला कंप्युटर आणि राउटर खाली माझ्या शिवणयंत्राशेजारी मजेत होते, कारण तिथे वायर आहे. पण आई वरच्या खोलीत, आणि तिला जिना झेपत नाही. म्हणून कंप्युटर वर नेला, मागाहून आलेला वायफायचा तुकडा त्यात खुपसला, तर तुझं ते लिनक्स पासवर्ड मागत बसलंय.

डॉक्टर म्हणतात, उजव्या डोळ्याने आईला फार तर दोन महिने दिसेल. त्याआधी तिला तुझं तोंड मोठ्या पडद्यावर बघायचंय. अकरा वर्षांत तू ते इकडे दाखवलेलं नाहीस. फोनवरचं मला निम्मं ऐकू येत नाही, तेव्हा सगळं लिहून कळव. नाहीतर ते पासवर्डचं कुलूपच काढून टाकते.

लोभ आहेच, सध्या राग जास्त आहे.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. कुलूप काढू नकोस. अख्खी गल्ली आपलं इंटरनेट वापरेल. कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक कर, आपलं नेटवर्क निवड, सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-टू ठेव आणि पासवर्ड घाल. तो इथे लिहीत नाही, पाकीट कुणीही फोडेल. मी घर सोडलं ती तारीख, दिवस-महिना-वर्ष, सलग आठ आकडे. तुला पाठ असेलच.

आईचं वाचून कामात लक्ष नाही. रजेचं मात्र कठीण दिसतंय.

राग आवरून लोभ ठेव.
तुझा बारकू

२० मार्च

चि. बारकू,
आशीर्वाद, पण दातओठ खाऊन. तुला गाडीत बसवायला मीच आले होते, म्हणून चौदा जून घातली. पडद्यावर चक्र फिरतं आणि पुन्हा पासवर्ड मागतं. तुकडा काढला, पुसला, परत घातला. कंप्युटर दहादा बंद-चालू केला. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडलेत. चार दिवस मी त्या यंत्राला आणि तुला सारख्याच शिव्या घातल्या.

शेवटी आईने विचारलं, एवढी कुणावर करवादतेस? सांगितलं, तर ती म्हणाली, दहा घाल. चौदाला त्याची नुसती बॅग गेली. बाबांनी त्याला भरल्या ताटावरून उठवलं ते दहाला, आणि माझा मुलगा तेव्हाच गेला.

घातली आणि लगेच जोडलं गेलं. मी तिच्या पलंगावर बसून रडले. मला वाटायचं, ती ते विसरली असेल.

रविवारी सकाळी दहाला दाढी करून पडद्यासमोर बस. पण आईचा हुकूम वेगळाच आहे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, आता ती तारीख घरात नको म्हणते. नवा पासवर्ड तिने ठरवलाय, तू घरी येशील तो दिवस. तिला दिसतंय तोवरचा. रजेचं रडगाणं लिहू नकोस, आठ आकडे कळव.

वाट बघणारी,
तुझी ताई