उशीतला खाखरा

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. बाबांना,

योगिनीचा नमस्कार. वाकून करता येणार नाही, कारण सध्या मी उताणी पडून, पोटावर पाट ठेवून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घ्या. आणि घाबरू नका! कमरेच्या हाडाला बारीकशी चीर आहे, पडून राहिलं की भरून येईल म्हणतात डॉक्टर. खरं सांगू का, हाड मोडून माणूस इतका खूश असू शकतो हे मला माहीत नव्हतं!

उत्तरायणाचा दिवस मजेत गेला. गच्चीवर सकाळपासून ‘काप्यो छे’चा गलका. तुमच्या जावयानं, पीयूषनं, दुसऱ्याचा एकही पतंग कापला नाही, आपले मात्र सगळे घालवले. खालच्या जिजाबाईंनी उंधियू पाठवलं, तुमची आठवण काढली. साताऱ्याला थंडी कशी आहे? गजेंद्रदादाला सांगून गुडघ्यांना तेल चोळून घेता ना?

हार्दिक मजेत आहे.

हे एवढंसं वाक्य लिहिताना पेन अडखळलं. फोनवर मी त्याचं नाव काढलं की तुम्ही दादाच्या हातात फोन देता. पत्र मात्र तुम्ही कधी अर्धवट टाकत नाही, म्हणून लिहितेय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साफसफाई करताना तुम्ही त्याची उशी झटकलीत. आतून खाखऱ्याचे तुकडे पडले, वाळलेली भाकरी पडली, मुंग्या लागलेला गूळ पडला. संस्थेतून तो आपल्या घरी येऊन जेमतेम महिना झाला होता. साडेतीन वर्षांचं पोर भिंतीला पाठ लावून उभं होतं. तुम्ही म्हणालात, “रक्त बोलतं, योगिनी. कुणाचं कोण, काय घेऊन आलंय घरात.” आणि बॅग भरलीत.

तेव्हा मी तुमच्याशी भांडले. पण तुम्ही गेलात तरी ते वाक्य काही गेलं नाही. हार्दिक बालवाडीत एका मुलाला चावला, मला ते ऐकू आलं. ताटातली पोळी घेऊन पळाला, पुन्हा ऐकू आलं. डिसेंबरात एकदा पीयूष हळूच म्हणाला, “दत्तकाचा हुकूम अजून झालेला नाही. संस्थेशी बोलून बघायचं का?” काय बोलायचं ते दोघांनाही कळत होतं. मी नाही म्हटलं नाही, बाबा.

हे कुणाला सांगणार? शेवटी मकरपुऱ्याला जाताना कंपनीच्या बसमध्ये नफीसाबेन मलेकना सांगितलं. तुम्हाला आठवतील त्या, माझ्या शेजारच्या टेबलावर व्हॉल्व्ह तपासतात. तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी डबा घेऊन आल्या होत्या.

सगळं ऐकून म्हणाल्या, “योगिनीबेन, हमारे यहाँ कहते हैं, हर बच्चा फितरत पर पैदा होता है.”

मला वाटलं, फितरत म्हणजे खोड. म्हणजे बाबांचंच बरोबर! त्या हसल्या. म्हणाल्या, तसं नाही. अल्लानं माणूस घडवताना त्याच्यात जो मूळ स्वभाव घातला, ती फितरत. कुणाच्याही पोटी येवो, प्रत्येक मूल आपल्या निर्मात्याची ओळख आणि चांगल्याची ओढ आत घेऊनच येतं. पुढचं वळण लावतात ते आईबाप आणि भोवतालची माणसं. “शेळीला कान कापलेलं करडू झालेलं पाहिलंय कधी? कान शाबूतच असतात. कापतो तो माणूस, नंतर.”

“मग हा चोरतो कशाला?”

“चोरत नाही, साठवतो. कधीतरी उपाशी राहिलाय तो. तुम्ही ज्याला रक्त म्हणताय ना, तो कापलेला कान आहे.”

तुम्ही म्हणाल, आता ही शिकवण कंपनीच्या बसमध्ये घ्यायची का! मलाही लगेच पटलं असं नाही. ऐकायला गोड वाटलं, एवढंच.

आणि मग या आठवड्यातला गुरुवार!

पीयूष पाळीवर होता. मी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले, स्टूल सरकलं आणि मी फरशीवर आपटले. श्वासच कोंडला. हाक मारायला तोंड उघडतेय, पण आवाज फुटेना. हार्दिक दारात उभा राहून बघत होता. बघितलं आणि आत पळून गेला.

मला रडू आलं ते कमरेमुळे नाही.

तर हा उशी ओढत परत आला! माझ्याशेजारी बसून त्यानं अभ्र्यात हात घातला, खाखऱ्याचा तुकडा काढला आणि माझ्या ओठांवर दाबला. “ले, खाई ले, योगिनी. पछी मटी जशे.” म्हणजे खा, मग दुखायचं थांबेल. मी खाईना, तर त्याला वाटलं मला खाखरा आवडत नाही. मग चिक्की काढली. मग बिस्कीट. बाबा, त्या पोरानं आपली सगळी शिदोरी माझ्यापुढे ओतली, एक कण मागे ठेवला नाही! तरी मी उठेना, म्हणून गॅलरीत धावला आणि गल्ली दणाणून सोडली, “जिजाबा! योगिनी पडी गई!”

हे त्याला कुणी शिकवलं? मी नाही. घास पुढे करून माया करतात हे सांगायला आम्हाला अजून सवडच झाली नव्हती.

काल नफीसाबेन बघायला आल्या. मी हे सांगताना हसत होते, रडत होते. त्यांना काडीचं नवल वाटलं नाही! “जे घेऊन आला होता तेच दिलं. पण उद्या पुन्हा चावला तर माझ्याकडे रडत येऊ नका हं.” चावलाच. आज सकाळी, पीयूषला, टीव्हीच्या रिमोटवरून. पीयूष हात चोळत बसला आणि मला म्हणाला, “दात मजबूत आहेत बुवा आपल्या पोराचे.” आपल्या पोराचे! संस्थेचं नाव त्यानं पुन्हा काढलेलं नाही. खालच्या फळीवर हार्दिकसाठी डबा ठेवलाय, त्याला हवा तेव्हा उघडायचा. उशी मात्र आम्ही झटकत नाही. ती रिकामी व्हायची तेव्हा होईल.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी, अठ्ठावीस तारखेला, दत्तकाच्या हुकमासाठी कलेक्टर कचेरीत बोलावलंय. कमरेला पट्टा बांधून मी जाणार. तुम्ही याल? दादा गाडीत बसवून देईल, पीयूष स्टेशनवर घ्यायला येईल. मला तुमची माफी नको, समजूतही घालायची नाही. फक्त ते रक्ताचं वाक्य या घरात पुन्हा बोलायचं नाही, एवढी अट आहे. तुमच्याशी अटीनं बोलायची ही माझी पहिलीच वेळ, तरी खोडत नाही.

तुम्ही आलात तर मला आभाळ ठेंगणं होईल. नाही आलात, तरी त्या कागदावर सही होणार आहे, बाबा.

तुमचीच लेक
आणि हार्दिकची आई,
योगिनी