पहिल्याच फेरीत आभार

याग्वारोन, १२ डिसेंबर

चि. सुनिल्दास, थोरल्या बहिणीचे अ. आ.

पोचल्याचं पत्र नाही, तेव्हा पोचली असशील असं धरून चालते. कोंबड्या बऱ्या आहेत. मी बरी नाही. परवा तू इथं असताना सगळे अंगणात माटेचा कडू चहा प्यायला बसले, पहिला पेला मी तुला भरून दिला, आणि तू नळीला ओठही न लावता आभार मानून परत केलास. आभार म्हणजे आता पुरे, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. पहिल्याच फेरीत कुणाला पुरे होतं? वहिनीनं विचारलं, ताईच्या हातचं हिला चालत नाही का. मी म्हटलं, एन्कार्नासियोनला राहून माणसं मोठी होतात.

ऑगस्टात आपल्या दातवाल्या फुल्हेन्सियोनं तुझी दाढ काढली, ती जागा भरली का ते कळव.

राग आहेच, मायाही आहे. दोन्ही गोड मानून घे.
एलिहिया

एन्कार्नासियोन, २ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

जागा भरली नाही. हिरडी मागे सरकली आहे आणि आत हाड उघडं दिसतं, जुन्या कंगव्यासारखं पिवळट. तोंडाला वास येतो. एकच नळी सगळ्यांच्या तोंडात फिरणार, म्हणून पेला परत केला.

आता बसून वाच. तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं, असं तुला कळवलं होतं. पित्ताशय जागेवर आहे. डावा स्तन नाही. कॅन्सर होता, तो पाठीच्या हाडांतही गेला. हाडं टिकावीत म्हणून दर महिन्याला सलाईनमधून औषध देतात; तुला जीवनसत्त्वं म्हणून सांगितलं, ते हेच. आईच्या आजारात तू जेवणच टाकलं होतंस, म्हणून लपवलं.

इथल्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, हे औषध चालू असताना दाढ काढली का. मग विचारलं, जबड्याला किरणं दिली होती का. दिली नव्हती. औषध चालू, किरणं नाहीत, आणि आठ आठवड्यांत झाकलं जावं ते हाड चार महिन्यांनीही उघडं. त्यांच्या मते त्या औषधामुळे तेवढं हाड मेलं आहे. पण कॅन्सरच जबड्यात उतरला नसेल ना, म्हणून एक्स-रे काढला आणि तुकडा तपासायला पाठवला. निकालाला तीन आठवडे आहेत. ताई, मला भीती वाटते.

तुझी रागावलेली माया पुरेल तेवढी पाठव.
सुनिल्दा

याग्वारोन, ९ जानेवारी

चि. सुनिल्दास, अ. आ.

बसूनच वाचलं. अजून बसलेलीच आहे.

फुल्हेन्सियोनं दाढ काढण्याआधी विचारलं होतं, औषध काही चालू आहे का. तू तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, हिला काही नाही, ही घोडी आहे. पण मी शेजारी उभी असताना तूही खरं बोलली नसतीस. म्हणजे दोष निम्मा-निम्मा; थोरली म्हणून मी थोडा जास्त घेते.

तीन फेब्रुवारीला सान ब्लास संताच्या सणाच्या मेणबत्त्या तुझ्या नावानं गळ्याला लावून घेईन. त्याच्याकडे गळ्याचं काम, जबडा चार बोटं वर. एवढ्यासाठी तो अडवणार नाही.

मी जेवते आहे. आज दोनदा जेवले, साक्षीदार आहेत.

निकाल येईल त्याच दिवशी कळव.
एलिहिया

एन्कार्नासियोन, २६ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

कॅन्सर नाही. हाड मेलं आहे, नुसतं मेलं आहे. असं वाक्य लिहून मला रडू फुटेल असं वाटलं नव्हतं. औषधानं चुळा भरायच्या, गोळ्या घ्यायच्या. मेलेला तुकडा सुटा झाला की काढतील. पाठीचं औषध तूर्त थांबवलं आहे, पुढचं पुढे.

वास आहेच. मी वेगळी नळी ठेवली आहे, माटे एकटीच पिते.

लोभ आता लपवाछपवीशिवाय असावा.
सुनिल्दा

याग्वारोन, ३१ जानेवारी

चि. सुनिल्दास, अ. आ.

मेणबत्त्या लावून चार तारखेच्या बसनं येते. तुझी वेगळी नळी कपाटात ठेवून दे. मी एकच पेला आणि एकच नळी आणते आहे. आधी तू पी, त्याच नळीनं मागून मी. वासाचं मला सांगू नकोस. शेवटी शेवटी आईचं तोंड मीच पुसत होते.

पाणी कोमट घेऊ. पुरे कधी झालं ते मी ठरवीन. आभार मानलेस तर गाठ माझ्याशी आहे.

एलिहिया