लिफ्टवाल्याचा धर्म

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने कादंबरीकार, पती हयात नाहीत, मूलबाळ नाही, असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून करीत नसून बऱ्याच जणांच्या सांगण्याविरुद्ध करीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि तापलेलेही आहे. तापल्या डोक्याचे मृत्युपत्र कोर्टात टिकते का, हे वकीलबाईंना आधीच विचारून घेतले. "टिकत नसतं तर माझं ऑफिस कधीच बंद पडलं असतं," असे त्या म्हणाल्या.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, रस्त्याकडच्या बाल्कनीसह, मी पुस्तकांच्या आणि भाषांतरांच्या कमाईतून घेतले. ते माझ्या पश्चात माझ्या धाकट्या बहिणीच्या पूर्ण मालकीचे होईल. बँकेतली शिल्लकही तिचीच. तिला यापुढे 'धाकटी' म्हटले आहे. तिने घर विकावे, भाड्याने द्यावे किंवा भिंतींना हवा तो रंग द्यावा. परंतु तिच्या इच्छेविरुद्ध हे घर कोणत्याही पंथाचे मूळपीठ, केंद्र किंवा दर्शनाची जागा होता कामा नये. साध्या तीन खोल्यांच्या मृत्युपत्रात असे वाक्य का घालावे लागते, ते पुढे वाचावे.

कलम २. माझ्या एका कादंबरीत इस्पितळाचा एक लिफ्टवाला आहे. लिफ्टमध्ये कोणी बोलू लागले की तो दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवतो आणि त्या माणसाचे बोलणे संपल्यावरच वर नेतो. साहजिकच त्याची चौकशी लागते. असे का करतोस, या प्रश्नाला तो उत्तर देतो, "माझा धर्म आहे." हे वाक्य लिहून मी खूश होते. प्रकाशक म्हणाले, "कुठला धर्म? आहेत त्यातला एखादा लिहाल, तर उद्या माझ्या दुकानाच्या काचा फुटतील." म्हणून मी त्याच्यासाठी नवा धर्म रचला. त्याला देव नाही, नाव नाही, पोशाख नाही. एकच आज्ञा आहे: भेटेल त्याला कान द्यावा.

ही आज्ञा मला आकाशातून मिळाली नाही. धाकटी लहानपणापासून अडखळत बोलते. शब्द येतो, पण त्याच्या सवडीने येतो, आणि तेवढी सवड तिला कोणी देत नाही. लोक तिचे वाक्य स्वतःच पुरे करून मोकळे होतात. शिंप्याकडून ती आयुष्यभर नको त्या बाह्यांचे कपडे घेऊन आली आहे. तिच्यासाठी लिफ्ट थांबवील असा एक तरी माणूस जगात असावा, असे मला वाटत होते. तो सापडेना, म्हणून लिहिला.

कलम ३. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मुद्रितशोधकांनी 'कान' खोडून 'मान' केले. छपाईतली चूक असती तर मी गिळली असती. त्यांनी ती सुधारणा म्हणून केली. जाब विचारायला गेले तेव्हा म्हणाले, "कान काय देतात का बाई? मान देतात. तुमचं अक्षर घाईचं, मी सांभाळून घेतलं." जन्मभर मराठी तपासून ज्यांना कान देणे म्हणजे काय ते कळले नाही, त्यांना मी माझा मोठा शब्दकोश देत आहे. 'क'च्या पानांत खूण घातली आहे. ती त्यांनी काढू नये.

कलम ४. 'मान' छापलेले ते एक पान कोणीतरी फ्रेम करून भिंतीवर लावले आणि धर्म सुरू झाला. आता त्यांचे सभागृह आहे, बिल्ले आहेत, दर रविवारी मेळावा आहे. मान द्यायचा म्हणजे मान खाली घालायची, असा त्यांनी अर्थ लावला. जिन्यात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत हे लोक समोरच्यापुढे कमरेत वाकतात आणि वाकून झाले की निघून जातात. मी एकदा त्यांच्या मेळाव्यात उभी राहून सांगितले, "अहो, ते मान नाही, कान आहे. पुस्तक वाचा की." सगळे सभागृह माझ्यापुढे वाकले. एकाने तरी डोके वर काढून काय म्हणालात असे विचारावे, तर तेही नाही. मीच रचलेल्या धर्मात माझे कोणी ऐकत नाही, याचा मला जो संताप आहे तो कोणत्याही कलमात मावणारा नाही.

कलम ५. या मंडळींचा म्होरक्या माझा पुतण्या, माझ्या दिराचा मुलगा. कादंबरी त्याने वाचलेली नाही. "सार कळलंय ना काकू, मग झालं," म्हणतो. गेल्या महिन्यात मी डॉक्टरांकडे गेले असताना तो एका सुताराला घेऊन घरी आला आणि खोल्यांची मापे घेऊ लागला. धाकटीला म्हणाला, "मावशी, काकूंच्या माघारी पुढच्या दोन खोल्या पंथाला द्यायच्या ना? तुम्ही मागच्या खोलीत आरामात राहाल."

धाकटी म्हणाली, "मला... पुढची खोली... सोडायची..."

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. तेवढे थांबायला हवे. पुतण्या म्हणाला, "मन मोठं हो मावशी तुमचं," आणि गुडघ्यापर्यंत वाकून सुतारासकट जिना उतरला. धाकटीचा शेवटचा शब्द तोंडातच राहिला. पुढच्या रविवारी मेळाव्यात मावशींची संमती टाळ्यांच्या गजरात जाहीर झाली. तेव्हापासून धाकटी पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसते, आणि जिन्यात पाऊल वाजले की उठून उभी राहते. माझ्या बहिणीला तिच्याच घरात असे दचकून उभे राहावे लागते, हे मला सहन होत नाही.

सबब पुतण्याला मी काहीही देत नाही. विसरले म्हणून नव्हे, आठवणीने देत नाही. माझ्या हयातीत किंवा पश्चात त्याने या घराचा उंबरा ओलांडू नये. सुताराबद्दल तक्रार नाही. त्याने टेप गुंडाळता गुंडाळता एकदा मागे वळून पाहिले होते, असे धाकटी सांगते.

कलम ६. कादंबरीचे हक्क वकीलबाईंच्या ताब्यात राहतील. ज्याला छापायची असेल त्याने 'कान' छापावे, नाहीतर दुसरा धंदा बघावा. माझी लिहिण्याची खुर्ची वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना द्यावी. ती करकरते, तेल घातले तरी करकरते, आणि त्यांनी त्याबद्दल माझ्याशी भांडण्याची सोय आता राहिलेली नाही.

कलम ७. मला निरोप द्यायला येणाऱ्यांनी भाषणे करू नयेत. माझ्यापुढे वाकू नये. वाकायची फारच हौस असेल त्यांनी बुटाची नाडी बांधून घ्यावी.

पुरवणी. वरील मजकूर मी आज साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. धाकटीही बसली होती. घर तिला मिळत असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही, पण समोर बसायला कायद्याची हरकत नाही. सगळे वाचून झाल्यावर तिने हात वर केला. म्हणाली, कलम पाच. मग म्हणाली, "ताई, त्याला... घरात... येऊ..."

मी लगेच पेन उचलले आणि समासात 'अजिबात देऊ नये' असे लिहू लागले. वकीलबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मग आम्ही चौघेही थांबलो. खाली रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करीत होते, ती सुरू होऊन निघूनही गेली. धाकटीने दोनदा श्वास घेतला.

"...येऊ दे," ती म्हणाली. "माझं 'नाही' म्हणायचं राहिलंय."

त्यावरून कलम ५ मधले उंबऱ्याचे वाक्य मी खोडले आहे. त्याऐवजी असे वाचावे: पुतण्याने यावे, समोर बसावे, आणि धाकटीचे बोलणे पुरे होईपर्यंत उठू नये. खाडाखोड माझ्या हातची आहे आणि तिच्याशेजारी मी सही केली आहे.

लिहून ठेवणार: कादंबरीकार (सही)

साक्षीदार, मजकूर ऐकून आणि सही डोळ्यांदेखत झालेली पाहून:
१. तळमजल्यावरचे चष्मेवाले (सही)
२. शेजारच्या परिचारिकाबाई (सही)

मसुदा: वकीलबाई (सही व शिक्का)

तारीख: शिक्क्यावर आहे ती
ठिकाण: आमच्या घरातली पुढची खोली