रांग रिकामी असताना

४ मार्च
दादा आज जेवताना भडकलाच! "तुझा तो डबा परत गोठला." डबा म्हणजे त्याच्या रुग्णवाहिकेतला टॅब्लेट. त्यातला प्रोग्राम आमच्या ऑफिसचा, म्हणून सगळी बोलणी मला. वाटेत पेशंटला जास्त झालं, दादाने ‘मदत हवी’चं बटण दाबलं — ढिम्म! कंट्रोल रूमचा पुढचा निरोप आला तेव्हा कुठे स्क्रीन हलली. पेशंट वाचला, दैव बलवत्तर म्हणून.

५ मार्च
कोड वाचून कपाळावर हात मारला. प्रोग्राम निरोपांच्या रांगेपाशी जातो आणि रांग रिकामी असली की तिथेच ठाण मांडतो. निरोप येईपर्यंत इकडे बटण दाबा नाहीतर डोकं आपटा, त्याला पत्ताच नाही.

त्याने नुसतं विचारावं — आलंय का काही? नसेल तर मागे फिरून बटणांकडे बघावं. एवढंच तर आहे!

साहेबांचं ठरलेलं: "चालतंय ना? मग कशाला हात लावता?" बरंच डोकं खाल्लं तेव्हा एका गाडीपुरती परवानगी मिळाली. दादाचीच गाडी मागून घेतली.

७ मार्च
बटण चालतं!!

८ मार्च
फजिती. माझा शहाणा प्रोग्राम विचारतो, ‘नाही’ ऐकतो, की लगेच परत विचारतो — दम म्हणून खात नाही. टॅब्लेट तापून लाल, दुपारीच बॅटरी संपली. दादाचा एक कॉल चुकला, त्याला वरून बोलणी बसली.

"हात शेकायला बरा आहे," म्हणाला आधी. मग आवाज चढला, "जुनंच टाक परत! गोठायचं, पण निरोप तरी द्यायचं." मला वाईट वाटलं, रागही आला. "दोघं एकाच माळेचे मणी," म्हणत वहिनीने ताटं उचलली.

९ मार्च
रविवार असून ऑफिस. दोन विचारण्यांच्या मधे जरासा विसावा घातला, पापणी लवेल एवढा. बटणाला फरक नाही, टॅब्लेट गार. दादाच्या मिनतवाऱ्या केल्या, आठवडाभर तरी ठेव. "बघू," म्हणाला. म्हणजे हो.

१२ मार्च
दादाची तक्रार नाही. त्याची शाबासकी एवढीच असते.

१४ मार्च
दादा अतिदक्षता विभागात. शुद्धीवर आहे. पेशंटला पोहोचवून एकटाच परतत होता, छातीत कळ आली. कशीबशी गाडी कडेला घेऊन बटण दाबलं, आणि दुसरी गाडी धावून आली. कंट्रोल रूमच्या बाई म्हणाल्या, तेव्हा त्यांच्याकडून एकही निरोप गेला नव्हता. रांग रिकामी होती. मी जिन्यात बसून रडले.

वहिनीला त्याच्यापाशी ठेवून आता ऑफिसला निघाले आहे. बाकीच्या सगळ्या गाड्यांवर अजून जुनाच प्रोग्राम आहे.