पहिल्या दिवशीचा लोड

आण्णा, धाकटीशी मी गेल्या काही दिवसांत नीट वागले नाही. ते तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही गेल्यापासून साताऱ्याचं तुमचं वर्कशॉप तीच चालवते. कोयनेच्या पाण्यावर चालणाऱ्या एका लाँचचं इंजिन तिनं सगळं उघडून नव्यानं बांधून दिलं. सिलिंडरच्या आत बसणारे नवे लायनर, नवे पिस्टन, त्यांच्यावरच्या नव्या रिंगा. पंधरा दिवसांत लाँचवाला परत दारात. सकाळी इंजिन चालू होईना, निळा धूर टाकतं, माणसं भरली की ओढत नाही. तिनं दाब मोजायचं गेज लावलं, तर तिन्ही सिलिंडरांना कॉम्प्रेशन कमी. रोज संध्याकाळी ती मला सांगलीला फोन करून सांगायची. व्हॉल्व्ह ठीक, गॅस्केट ठीक. मग इंजेक्टरच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर काटा वर चढला. म्हणजे हवा रिंगांवरून निसटते आहे. पण रिंगा तर नव्या, तिनं स्वतःच्या हातानं बसवलेल्या. "मग जातंय कुठं, आक्का?" लाँचवाला तापोळ्यात सांगत सुटला होता, की बाईनं बांधलेलं इंजिन बाईसारखंच रुसतंय. दोन जुनी गिऱ्हाइकं तेवढ्यावरून पुण्याच्या वर्कशॉपकडे गेली होती. वर्कशॉप राहील की जाईल, असं झालं होतं.

मला काही कळेल म्हणून ती विचारत नव्हती, मन हलकं करत होती. बोलता बोलता म्हणाली, लाँचवाल्यानं मोठ्या हौसेनं पूजा केली आणि दोन दिवस बोट काठाला बांधून इंजिन रिकामंच, अगदी हळू चालवत ठेवलं. नव्या सुनेला जपावं तसं. ते ऐकलं आणि मला सगळं समजलं.

डिसेंबरात पाचगणीच्या माझ्या निवासी शाळेला मोठी सुट्टी असायची आणि धाकटीची मराठी शाळा चालू असायची. त्या सुट्टीतल्या एका दुपारी मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन वर्कशॉपमध्ये येते आहे. तुम्ही बाकावर बसून एका लाँचवाल्याला झापता आहात. "आरं, नवं इंजिन जपून जपून वाया घालवलंस. पहिल्या दिवशीच लोड टाकायचा. वाळूची पोती भर, माणसं भर. लोड न्हाई मिळाला तर लायनर काचंसारखं गुळगुळीत हुतंय, मग रिंगा बसत्यात व्हय?" मी कप ठेवला आणि समोरची रिंग उचलून पाहिली. तुम्ही माझ्याकडे वळून एकदम मऊ आवाजात म्हणालात, "ठेव बाळ, हात काळं हुतील. जा, पुस्तक वाच." संध्याकाळी धाकटी शाळेतून आली, तर दप्तर टाकायच्या आत तिला म्हणालात, "पाना धर." तिला वाढदिवसाला फटी मोजायचं फीलर गेज दिलंत, मला शाईचं पेन. ते पेन मी वापरलं नाही, आणि तिचं गेज एकदा कोळशाच्या पोत्यात लपवलं होतं, हे तुम्हाला कधी कळलं नाही. तिच्या नखांतला काळेपणा पाहून माझ्या मैत्रिणी हसायच्या. मीही हसायचे, आणि मला ती नखं हवी असायची.

नवं इंजिन लोड टाकून पाण्यावर चालवायच्या ट्रायलला आईनं धाकटीला कधी जाऊ दिलं नाही. ते काम तुम्ही करायचात, तुमच्या माघारी एक म्हातारा लाँच ड्रायव्हर करायचा. तो यंदा घरी बसला. त्यामुळे सगळ्या वर्कशॉपमध्ये तिला माहीत नसलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती माझ्याकडे होती.

मी चार दिवस गप्प राहिले. तिचा फोन आला की हं हं करायचे. तुमची एवढी लाडकी, शोधू दे की, असं मनात यायचं, आणि मी त्या संध्याकाळच्या फोनची वाट पाहायचे. पाचव्या दिवशी ती बोलता बोलता थांबली. मला वाटलं लाइन गेली. ती रडत होती. मग मी सांगितलं: लायनर चकाकत असतील, होनिंग करून पुन्हा खरबरीत कर आणि पहिल्याच दिवशी बोट भरून चालव. तिनं हेड काढून बघितलं, लायनरमध्ये तोंड दिसत होतं. परवा अठरा माणसं घेऊन लाँच पलीकडे जाऊन आली. कॉम्प्रेशन चढतं आहे.

तिनं विचारलं, "आक्का, तुला हे कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "आण्णांनी. मला जवळ बसवून सांगितलं होतं."

 ती हळूच म्हणाली, "मला न्हाई कधी सांगितलं त्यांनी."

तेव्हा मला किती बरं वाटलं, ते इथे लिहिताना हात अडतो आहे. आज संध्याकाळी तिचा फोन येईल. खरं सांगायचं असं दुपारपासून ठरवते आहे, पण आण्णा, मी सांगेन असं मला वाटत नाही.